बार्ब्रा स्ट्रायसँडचा ‘द ब्रॉडवे अल्बम’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी म्युझिकलची गाणी कुठून ऐकायला घ्यावीत, असं कोणी विचारलं की मी हाच अल्बम सुचवतो. ऐकून झाल्यावर लोक जे प्रश्न विचारतात, ते बहुतेक ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या गाण्यांबद्दल थोडक्यात सांगणं मला जमत नाही.

हा अल्बम आहे तरी काय?

अमेरिकन गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँडने गायलेला आणि कोलंबिया कंपनीने नोव्हेंबर १९८५ मध्ये काढलेला हा अल्बम. त्यातली सगळी गाणी आधी रंगमंचावर गाजलेली आहेत. सगळ्यात जुनं गाणं १९२७ च्या ‘शो बोट’मधलं आणि सगळ्यात नवं १९८४ च्या ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’मधलं. एलपीवर ११ ट्रॅक होते, सीडीवर ‘गाईज अँड डॉल्स’मधलं अ‍ॅडेलेडचं गाणं धरून १२. पाऊण तासाच्या आसपास ऐकणं होतं.

ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरच्या अवतीभवती असलेली मोठी व्यावसायिक नाट्यगृहं. तिथली म्युझिकल म्हणजे संवाद, गाणी आणि नाच यांतून गोष्ट सांगणारं नाटक.

हा तिचा पहिला अल्बम का?

नाही. पहिला १९६३ मध्ये आला आणि त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी मिळाला. तेव्हा ती विशीच्या उंबरठ्यावर होती. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांचं अगदीच चुकतं असं नाही, कारण त्या पहिल्या अल्बममध्येही नाटकांतली गाणी भरपूर होती. ‘द फँटास्टिक्स’मधलीच दोन होती. ‘हाऊस ऑफ फ्लॉवर्स’सारख्या फारशा न चाललेल्या नाटकातलं एक गाणंही तिने उचललं होतं. नाटक पडलं तरी गाणं मरू नये, ही जाण तिच्याकडे सुरुवातीपासून होती. १९८५ चा अल्बम त्याच वाटेवर परत येतो, फक्त मध्ये दोन दशकं गेलेली असतात.

मग मधली वीस वर्षं ती काय करत होती?

१९६२ मध्ये ती ब्रॉडवेवर पहिल्यांदा उभी राहिली, एका छोट्या विनोदी भूमिकेत. २६ मार्च १९६४ ला ‘फनी गर्ल’ सुरू झालं आणि त्यातल्या फॅनी ब्राइसच्या भूमिकेने ती घराघरांत पोचली. १९६६ मध्ये लंडनला तेच नाटक केलं आणि त्यानंतर ती कुठल्याही संगीत नाटकात उभी राहिली नाही. ‘फनी गर्ल’वरच्या चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळालं. सत्तरच्या दशकात ती पुरती पॉपकडे वळली. १९८० मध्ये बॅरी गिबबरोबर केलेला ‘गिल्टी’ तुफान खपला. १९८३ मध्ये तिने ‘येंटल’ हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात मुख्य भूमिकाही केली.

थोडक्यात, रंगमंचाने घडवलेली गायिका रंगमंच सोडून गेली होती. या अल्बममध्ये ती मायक्रोफोनसमोर उभी राहून नाटक करते, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे. यातलं प्रत्येक गाणं एका पात्राच्या तोंडचं आहे. ते पात्र तिने गायचं सोडलेलं नाही.

कंपनी या अल्बमच्या विरोधात होती, हे खरं का?

कंपनी उत्साही नव्हती, हे बार्ब्राने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. १९८५ मध्ये रेडिओवर मॅडोना आणि प्रिन्स वाजत होते. चाळिशी ओलांडलेल्या गायिकेने जुन्या नाटकांची गाणी काढावीत, हे बाजाराच्या गणितात बसत नव्हतं. पण कोलंबियाशी पहिला करार करताना तिने पैसे कमी घेतले होते आणि त्याबदल्यात काय गायचं, कसं गायचं हे ठरवायचा अधिकार स्वतःकडे ठेवला होता. तो अधिकार इथे कामी आला.

पहिल्या गाण्यात मध्येमध्ये बोलणारी माणसं कोण आहेत?

तीच ती कंपनीवाली माणसं, म्हणजे त्यांची सोंगं. गाणं आहे ब्रॉडवेचा गीतकार-संगीतकार स्टीफन सॉन्डहाइम याचं ‘पुटिंग इट टुगेदर’. ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’च्या दुसऱ्या अंकात एका संग्रहालयात पार्टी चालू आहे. जॉर्ज नावाचा तरुण कलाकार आपल्या पुढच्या कामासाठी पैसा उभा करायला धडपडतो आहे. एकाच वेळी दहा जणांशी गोड बोलायचं आहे, म्हणून तो स्वतःचे माणसाच्या उंचीचे पुठ्ठ्याचे पुतळे ठिकठिकाणी उभे करतो आणि लोक त्या पुतळ्यांशी गप्पा मारत राहतात. कला करायला आधी कला विकावी लागते, हे त्या प्रसंगाचं दुखणं.

बार्ब्राने सॉन्डहाइमला विनंती केली की चित्रकलेच्या दुनियेतले संदर्भ काढून रेकॉर्ड काढणाऱ्यांच्या दुनियेतले घाला. सॉन्डहाइम आपल्या शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर होता, तरी त्याने ते केलं. ‘हे आज चालणार नाही, हे पॉप नाही’ अशा सुरात बोलणारे आवाज दिग्दर्शक सिडनी पोलॅक, रेकॉर्ड कंपन्यांचा मालक डेव्हिड गेफन आणि अभिनेता केन सिल्क यांचे आहेत. पोलॅकने तिला ‘द वे वी वेअर’मध्ये दिग्दर्शित केलं होतं. खऱ्या आयुष्यात ज्या वर्गाशी तिचं भांडण, त्याच वर्गातले मित्र तिने बोलवले. अल्बम का काढला याचं उत्तर तिने मुलाखतीत देण्याऐवजी पहिल्याच ट्रॅकमध्ये गाऊन टाकलं. एखाद्या अल्बमची यापेक्षा चोख नांदी मला माहीत नाही.

‘सेंड इन द क्लाऊन्स’ इतकं गाजलेलं गाणं. तिच्या आवृत्तीत वेगळं काय?

या एका प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो. आधी गाण्याची जागा समजून घ्या. नाटक ‘अ लिटल नाइट म्युझिक’, साल १९७३. डेझिरे ही वय उतरणीला लागलेली नटी. तिचा जुना प्रियकर फ्रेडरिक आता एका अगदी कोवळ्या मुलीशी लग्न करून बसला आहे. डेझिरे त्याला विचारते, पुन्हा एकत्र येऊ या का? तो हळुवारपणे नाही म्हणतो. ती तिथेच बसून हे गाणं म्हणते. विदूषक सर्कशीचे नाहीत. प्रयोग कोसळायला लागला की प्रेक्षकांना हसवायला जे पाठवतात, ते. नटीच्या तोंडी नाटकवाल्यांचीच भाषा आहे.

पहिल्यांदा ते गायलं ग्लिनिस जॉन्सने. तिचा आवाज गोड आणि किंचित खरखरीत होता, पण लांब सूर धरणं तिच्या गळ्याला जमत नसे. म्हणून सॉन्डहाइमने ओळी तोकड्या लिहिल्या. प्रश्न विचारायचा, थांबायचं. पुन्हा प्रश्न, पुन्हा थांबायचं. एका नटीच्या श्वासाच्या मापाने गाणं बेतलं गेलं आणि तेच त्याचं सौंदर्य ठरलं. १९७५ मध्ये ज्यूडी कॉलिन्सच्या रेकॉर्डने ते पॉपमध्ये आलं. ‘जोकर’ या २०१९ च्या चित्रपटामुळे आपल्याकडच्या तरुण श्रोत्यांनाही ते ओळखीचं आहे.

आता बार्ब्रा. तिचा श्वास प्रचंड मोठा, म्हणजे तोकड्या ओळींची गरज तिला नाही. तरी ती त्या जोडून टाकत नाही, थांबते. पण तिला दुसरीच गोष्ट खुपत होती. शेवटच्या कडव्यात डेझिरेचा सूर बदलतो, आणि तो एकदम का बदलतो हे तिला कळेना. नाटकात त्या जागी संवाद आहे. फ्रेडरिक माफी मागतो आणि निघून जातो. प्रेक्षकाला ते दिसतं. रेकॉर्ड ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही, त्याला दोन कडव्यांमध्ये फक्त वाद्यं ऐकू येतात. तिने हे थेट सॉन्डहाइमला विचारलं आणि त्याने त्या रिकाम्या जागेसाठी नव्या ओळी लिहून दिल्या.

नाटकातून गाणं बाहेर काढलं की त्याच्या भोवतीचं काहीतरी तुटून मागेच राहतं. बहुतेक गायक चांगल्या आवाजाने ती तूट झाकतात. बार्ब्राने तूट नेमकी कुठे आहे ते शोधलं आणि मूळ लेखकाकडूनच ती भरून घेतली. नाटकाची गाणी स्वतंत्रपणे गाणाऱ्या कोणाही गायकाने हे गाणं या नजरेने ऐकावं.

सॉन्डहाइमचीच गाणी इतकी का?

सीडीवरच्या १२ ट्रॅकपैकी ७ मध्ये त्याचे शब्द आहेत. ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या दोन गाण्यांत चाल लेनर्ड बर्नस्टाइनची आणि शब्द सॉन्डहाइमचे, बाकीच्यांत दोन्ही त्याचंच. कारण अगदी सरळ आहे. त्याची गाणी म्हणजे छोटे प्रवेश असतात. गाणं सुरू होताना पात्र जिथे असतं, तिथे ते गाणं संपताना नसतं. अभिनय करणाऱ्या गायिकेला याहून जास्त काय हवं? आणि १९८५ मध्ये सॉन्डहाइमला नाट्यरसिक मानत असले, तरी त्याची गाणी गुणगुणण्याजोगी नसतात असा एक ठप्पा त्याच्यावर होता. या अल्बममुळे ती लाखो घरांत पोचली.

पुरुष पात्रांची गाणी बाईने गायलेली विचित्र वाटत नाहीत का?

बालगंधर्वांची पदं डोक्यावर घेणाऱ्या मराठी माणसाला तरी वाटू नयेत. पुरुष नट भामिनी किंवा सिंधू म्हणून गायला आणि आपण तिथे स्त्रीच पाहिली. इथे उलटा प्रवास आहे, पण एक फरकही आहे. बार्ब्रा पुरुषाची भूमिका वठवत नाही. ती ते गाणं एका बाईचं करून टाकते.

‘बीइंग अलाइव्ह’ बघा. १९७० च्या ‘कंपनी’ या सॉन्डहाइमच्या नाटकात ते रॉबर्टचं गाणं आहे. पस्तिशीतला अविवाहित माणूस, भोवती पाच विवाहित जोडपी. सुरुवातीला तो लग्नाच्या तक्रारी मांडतो: कोणीतरी फार जवळ येणार, कोणीतरी झोपमोड करणार. नाटकात मित्र मध्येमध्ये त्याला टोकत राहतात आणि हळूहळू त्याच तक्रारी मागणं होतात. आधी ‘तुला’ म्हणणारा तो शेवटी ‘मला’ म्हणू लागतो. रेकॉर्डवर मित्र नाहीत. टोकणारं कोणी नसताना हे वळण आवाजातूनच आणायचं असतं, आणि ती सुरुवातीला सूर इतका आवरून ठेवते की शेवटचा चढ अंगावर येतो. आधी हे ऐका आणि मग ‘मॅरेज स्टोरी’ या २०१९ च्या चित्रपटात अ‍ॅडम ड्रायव्हरने बारमध्ये उभं राहून म्हटलेलं तेच गाणं ऐका. आवाजात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, वळण मात्र तेच.

‘प्रिटी विमेन’ आणि ‘द लेडीज हू लंच’ एकत्र का केली?

ही या अल्बममधली सगळ्यात धीट कल्पना. पहिलं गाणं ‘स्वीनी टॉड’मधलं. न्हावी स्वीनी ज्या न्यायाधीशाने आपला संसार धुळीला मिळवला त्याची दाढी करतो आहे. वस्तरा गळ्याशी आहे आणि दोघं मिळून बायकांच्या सौंदर्याबद्दल गातात. खिडकीशी उभ्या असलेल्या, केस विंचरणाऱ्या बायका, लांबून पाहिलेल्या. दुसरं ‘कंपनी’मधलं. दारू चढलेली श्रीमंत जोअन आपल्यासारख्याच रिकामटेकड्या श्रीमंत बायकांच्या नावाने प्याला उंचावते, आणि तिच्या बोलण्यातली चीड वाढत जाते.

एका गाण्यात पुरुष बायकांकडे बघतात, दुसऱ्यात बाई बायकांकडे बघते. दोन्ही एकमेकांत विणल्यावर पहिल्यातली स्तुती किती वरवरची होती ते उघडं पडतं. वस्तरा इथे दिसत नाही, तरी धार आहेच.

‘द किंग अँड आय’ची तीन गाणी जोडली आहेत, तीही अशीच?

जवळपास. दोन गाणी चोरून भेटणाऱ्या प्रेमिकांची आहेत आणि तिसरं राजाच्या थोरल्या राणीचं, जी त्याचे सगळे दोष जाणून त्याच्या पाठीशी उभी आहे. स्वप्न, लपवाछपवी आणि मग समजूतदारपणा, असा क्रम लागतो. गायन सुरेख आहे. पण वरच्या जोडीइतका नवा अर्थ यातून निघतो असं मला वाटत नाही.

कृष्णवर्णीय पात्रांची गाणी तिने गावीत का?

प्रश्न रास्त आहे. ‘शो बोट’मध्ये ज्यूली ‘कान्ट हेल्प लविन दॅट मॅन’ हे गाणं गुणगुणते तेव्हा क्वीनी ही स्वयंपाकीण चपापते, कारण हे गाणं फक्त काळ्या लोकांतच गायलं जातं, मग ज्यूलीला कसं माहीत? ज्यूली गोरी म्हणून वावरते आहे, पण तिच्या जन्माचं गुपित पुढे फुटणार आहे आणि त्याची पहिली खूण हे गाणंच आहे. नाटकाबाहेर आल्यावर ती खूण पुसली जाते, उरतं ते प्रेमगीत. बार्ब्राच्या आवृत्तीत स्टीव्ही वंडरने हार्मोनिका वाजवली आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे, पण क्वीनीचा प्रश्न तिथे ऐकू येत नाही.

‘पोर्गी अँड बेस’ तर १९३५ चं संगीतकार जॉर्ज गर्श्विनचं ऑपेरा, जे अमेरिकेत रंगमंचावर कृष्णवर्णीय कलाकारांनीच करावं असा गर्श्विन कुटुंबाचा आग्रह राहिला आहे. रेकॉर्डला ती अट नसते आणि बेसचं गाणं असंख्य गायिकांनी गायलं आहे. ते ऐकायचं तर नीना सिमोनचंही ऐका. माझ्या मते अल्बममध्ये ‘सेंड इन द क्लाऊन्स’साठी जी काळजी घेतली गेली, ती या दोन गाण्यांच्या वाट्याला आली नाही.

सिंथेसायझर जुनाट वाटतो, त्याचं काय?

काही ठिकाणी वाटतो, खरं आहे. विशेषतः ‘समथिंग्ज कमिंग’मध्ये. बरीचशी गाणी पीटर मॅट्झने वाद्यवृंद घेऊन बांधली आहेत. हा तिच्या पहिल्या अल्बमपासूनचा संगीत संयोजक, तिच्या श्वासाची जागा त्याला पाठ. ती गाणी आजही टवटवीत आहेत.

शेवटचं, ‘वेस्ट साइड स्टोरी’मधलं ‘समव्हेअर’ मात्र डेव्हिड फॉस्टरने केलं आहे आणि ते जवळजवळ अंतराळातून आल्यासारखं वाजतं. संयोजनासाठी त्याला ग्रॅमीही मिळाला. यावरून चाहत्यांत वाद आहेत. मी फॉस्टरच्या बाजूने आहे. मूळ नाटकात हे गाणं नायक-नायिका म्हणत नाहीत. स्वप्नातल्या नृत्यात एका मुलीचा आवाज कुठूनसा येतो. १९६१ च्या चित्रपटात ते टोनी आणि मारियाला दिलं, २०२१ च्या चित्रपटात म्हाताऱ्या व्हॅलेंटिनाच्या भूमिकेतल्या रीटा मोरेनोला. म्हणजे ते गाणं तसं कोणा एकाचं नाहीच. ज्याचा पत्ता लागत नाही अशा ठिकाणाहून आवाज येणं मूळ नाटकाला धरूनच आहे.

नाटकं पाहिली नसतील तर अल्बम कळेल का?

आवडेल नक्की. पण प्रत्येक गाण्याआधी तो प्रसंग चार ओळींत वाचून घेतलात तर मजा दुपटीने वाढते. अ‍ॅडेलेडचंच बघा. चौदा वर्षं साखरपुडा लांबलेली ही नाचणारी मुलगी वैद्यकीय पुस्तक वाचून आपल्या सततच्या सर्दीचं कारण शोधते, आणि ते निघतं लग्न न होणं. हे माहीत नसेल तर मधल्या शिंका कशासाठी, हेच कळणार नाही.

पाहायचं असेल तर ‘वेस्ट साइड स्टोरी’चे दोन्ही चित्रपट, ‘स्वीनी टॉड’चा २००७ चा चित्रपट आणि मँडी पटिंकिन व बर्नाडेट पीटर्स यांच्या मूळ संचातलं ‘संडे इन द पार्क’चं चित्रीकरण, यांपासून सुरुवात करा. मुंबईत नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये २०२३ साली ‘वेस्ट साइड स्टोरी’चे प्रयोग झाले. पुन्हा असं काही आलं तर सोडू नका. तिकिटं महाग असतात, पण वरच्या मजल्यावरूनही ऐकू छान येतं.

अल्बम चालला का?

जानेवारी १९८६ मध्ये तो बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत त्याच्या चाळीस लाख प्रतींची अधिकृत नोंद आहे. १९८७ च्या ग्रॅमीत तिला सर्वोत्कृष्ट पॉप गायिकेचा पुरस्कार याच अल्बमसाठी मिळाला. हे पॉप नाही म्हणणाऱ्यांना पॉपच्याच विभागातून उत्तर मिळालं.

असं काम पुढे तिने किंवा इतरांनी केलं का?

तिने केलं. ‘बॅक टू ब्रॉडवे’ जून १९९३ मध्ये आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. त्यात ‘सनसेट बुलेवार्ड’ची दोन गाणी आहेत, तीही लंडनमध्ये त्या नाटकाचा अधिकृत शुभारंभ व्हायच्या आधी. २०१६ च्या ‘एन्कोअर’मध्ये चित्रपट-नटांबरोबरची द्वंद्वगीतं आहेत आणि गाण्याआधीचे थोडे संवादही, म्हणजे प्रसंग सोबत न्यायचा तिचा हट्ट तिथेही दिसतो.

इतरांपैकी ‘गर्ल्स अलाउड’ या ब्रिटिश गटातली किंबर्ली वॉल्श आवर्जून आठवते. गट बाजूला ठेवून २०१३ मध्ये तिने पहिला एकल अल्बम काढला तो नाटकांच्या गाण्यांचाच, ‘सेंटर स्टेज’. त्याआधी तिने लंडनमध्ये ‘श्रेक’च्या म्युझिकलमध्ये फिओनाची भूमिका केली होती. पॉपमधून आलेली गायिका आधी नाटकात उभी राहते आणि मग ही गाणी रेकॉर्ड करते, हा क्रम मला योग्य वाटतो. नव्याने असा अल्बम ऐकायला घ्याल तेव्हा दोन गोष्टी तपासा: गायिकेने कधी रंगमंचावर काम केलं आहे का, आणि गाण्याच्या पहिल्या ओळीत ती कोणाशी बोलते आहे हे तुम्हाला कळतं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असेल, तर पहिल्याचं नाही असलं तरी अल्बम शेवटपर्यंत ऐका.